आईच्या वजनापर्यंत

आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तरी पाय काही जमिनीवर ठरेना. तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं तर दोघी लागायच्या. शेजारीण यायची, पण आईला तिचा फार संकोच वाटे. म्हणून पन्नाशीला टेकलेली मी कारंज्यातल्या जिममध्ये जायला लागले. मला आईला एकटीनं उचलायचं होतं, आणि तेही लगेच.

जिमवाला माझ्या निम्म्या वयाचा. पाठ सरळ ठेवून, पायांत जोर घेऊन जमिनीवरून बार कसा उचलायचा ते त्यानं शिकवलं. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, त्याहून जास्त नाही. मला ते सोसेना. त्याची पाठ वळली की माझा हात मोठ्या प्लेटकडे जायचा.

"काकू, उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग. ठेवा ते खाली."

माझ्या किराणा दुकानातही चैन नव्हतं. समोर गिऱ्हाईक ताटकळत असायचं आणि मी तेलाचा डबा उचलून पाहत असायची.

याच दिवसांत आईनं एकाशन धरलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. आम्हा जैनांच्या घरात व्रत मोड असं कोणी म्हणत नाही. मीही शेजारणीला ते कौतुकानं सांगितलं.

शेवटी बार आईच्या ऑपरेशनच्या वेळच्या वजनाला पोचला. तशीच घरी आले, तिच्या काखेत हात घातले आणि उचललं. ती इतकी सहज वर आली की माझाच तोल जायचा राहिला.

"जमलं," मी म्हटलं.

"जमनारच. मी बी कमी झाली ना," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "तू हाफून राह्यली होती, मले पाहवत नव्हतं. म्हटलं, तू तिकडं वाढव, मी इकडं कमी करतो."

"मग एकाशन?"

"व्रत नसतं म्हटलं तर तू जेवू घातलं असतं."

मला भयंकर राग आला. दिवस मावळल्यावर आमच्याकडे अन्नाला कोणी शिवत नाही, आणि ऊन गच्चीच्या कठड्यावर गेलं होतं. मी दूधभात कालवला. ती नको नको म्हणत होती. उजेड होता तोवर मी भरवत राहिले.