ट्रॅक्टर पाहून आलो त्या वर्षीचं गवत

इर्जिकीचा मला त्या वर्षी भयंकर राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आमच्या मार्गासनीकडच्या गावांत दसऱ्यानंतर माळावरचं गवत पिवळं पडलं, की ज्याचं गवत तो इर्जिक घालतो. घरटी एक माणूस विळा घेऊन येतो, आपली बैलगाडी आणतो. दिवसभर भलरीची गाणी म्हणत गवत कापायचं, गाड्या भरून गंजीपर्यंत न्यायचं आणि दुपारी त्याच्या दारात पंगतीला बसायचं. मजुरी कोणी घेत नाही. उद्या तो आपली जोडी घेऊन तुमच्याकडे येणार असतो. ऐकायला किती छान! पण ज्याच्या गोठ्यात बैलच नाहीत, त्यानं काय घेऊन यायचं?

आमच्या शेजारी एक विधवा बाई राहायच्या. त्यांना सगळं गाव काकी म्हणे. त्यांचा एक बैल खुरकतीनं गेला, एकटा राहिलेला दुसरा विकावा लागला, आणि त्याच वर्षापासून त्यांच्या माळावरची इर्जिक बंद झाली. कोणी तसं ठरवलं नाही की कोणी भांडलं नाही. जायचं बंद झालं, एवढंच.

मी तेव्हा नुकताच गावी परतलो होतो. महायुद्धाच्या वर्षांत वेठबिगारीविरुद्ध पत्रकं लिहिली होती, भिंतींवर चिकटवली होती. हाताला खळीचा वास आणि तोंडाला भाषणाची सवय. घरात आई-वडील दोघंही उरले नव्हते. मी आणि बैलजोडी. काकींचं अर्धं गवत माळावर उभंच वाळलेलं पाहिलं आणि देवळापुढं बसलेल्या मंडळींना सरळ सुनावलं, "तुमची इर्जिक म्हणजे बैलवाल्यांनी बैलवाल्यांसाठी केलेली सोय आहे. मी कुणाच्या इर्जिकीला येणार नाही, आणि माझ्याकडे कुणी येऊ नका."

इर्जिकीत ढोल वाजवणारे आबा तिथंच होते. गावातले सगळ्यांत वडीलधारे. मला वाटलं, आता वाद होईल. वादाची तयारी करूनच गेलो होतो मी. आबा म्हणाले, "बरं."

गावानं माझा शब्द तंतोतंत पाळला.

एकट्यानं गवत कापून पाहा म्हणजे कळेल. हात दुखतो ते सोसतं. पण भलरी एकट्याला म्हणता येत नाही. एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, तशी ती बांधलेली असते. मी ओळ टाकायचो, ती ओढ्यापर्यंत जायची आणि तिथंच राहायची. पलीकडच्या माळावर कुणाची तरी इर्जिक चाललेली असायची. ढोल, हसणं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, सगळं वाऱ्यावर यायचं. मी विळा चालवत राहायचो. चार दिवस कुणाशी एक शब्द बोललो नाही, हे मला बैलाला "हो" म्हणताना स्वतःचा आवाज घोगरा आला तेव्हा कळलं.

अशात कळलं, की कामथडीला एका बागाईतदाराच्या रानात पुण्याचा विक्रेता लहान ट्रॅक्टर चालवून दाखवणार आहे. पहाटे निघून पायी नसरापूरवरून गेलो.

दोन यंत्रं होती. एक चार चाकांचं, बसून चालवायचं. सपाट रानात ते झोकात गेलं, पण वळायलाच त्याला आमचं अख्खं खाचर लागलं असतं, आणि माळाच्या उतारावर ते चालवणाऱ्यासकट ओढ्यात गेलं असतं. दुसरं दोनच चाकांचं. मागं चालत मुठी धरायच्या, पुढं दातेरी पातं लावायचं. गवत असं आडवं पडत गेलं, की लोकांच्या तोंडून आपोआप "आरारा" निघालं. पातं काढून पट्टा चढवला की विहिरीचं पाणी ओढणार, गाडा जोडला की शेणखत वाहणार.

"घरी माणसं किती?" विक्रेत्यानं विचारलं. यंत्राच्या आवाजामुळं त्याला ओरडावं लागत होतं.

"मी एकटा!" मीही ओरडून सांगितलं. सगळ्या रानानं ते ऐकलं.

"मग हे तुमच्यासाठीच आहे! कुणाच्या तोंडाकडं बघायला नको!"

माझा विचार तिथंच पक्का झाला. दोन चाकांचं घ्यायचं. त्यासाठी बैलजोडी विकावी लागणार होती. विकू! जे काम यंत्र करतं, त्यासाठी बैल हवेतच कशाला? आणि पहिलं गवत कापायचं ते काकींचं. गावानं बघत राहावं.

परतल्यावर आधी काकींच्याच दारात गेलो. त्या नाचणी पाखडत होत्या.

"काकी, यंत्र आणतोय. पहिलं तुमचं गवत कापणार."

"आनि बैलं?"

"विकणार. त्याशिवाय यंत्र कसं येईल?"

"म्हंजे तू बी माज्यासारखा व्हनार," त्या म्हणाल्या आणि सूप खाली ठेवलं. "त्ये यंत्र जेवतंय का?"

"रॉकेल पितं."

"रॉकेल माज्या दिव्याला मिळंना, तुज्या यंत्राला कुटनं वाढू? आरं बाबा, गवताचं मला दुक न्हाई. निम्मं म्या कापती, निम्मं गुरं खात्यात. पर माज्या दारात पंगत बसून किती सालं झाली! मान्सं यीना झाली रं. तुजं यंत्र भुरूभुरू करून जाईल, आनि म्या दारात हुबीच."

मी पत्रकात काय काय लिहिलं असतं यावर! तिथं मी सूप उचलून त्यांच्या हातात दिलं.

दोन दिवसांनी आबांच्या माळावर इर्जिक होती. बैल गाडीला जुंपले आणि न बोलावता गेलो. ढोल थांबला.

"आलं का पुढारी?" एक जण म्हणाला. "पत्रक कुटं हाय?"

"मी आलोच नाही," मी म्हणालो. "ही जोडी काकींच्या नावानं आलीय. मी नुसता गाडी हाकतोय."

"म्हंजे काकीनं गडी ठिवला व्हय!" माळभर हशा पिकला.

आबा हसले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "दावन कुनाची?"

"दावण माझी, बैलही माझेच. पण आज येणं काकींचं."

आमच्याकडची रीत अशी, की ज्या घरच्या नावानं जोडी आली, त्या घरी इर्जिकीतल्या सगळ्यांना उलट जावंच लागतं. त्यात सुटका नाही. आबा ढोलाकडं परतले.

"मंग काकीची इर्जिक चढली आमच्यावर."

"चढली."

"आनि तुजी?"

"माझं काय ते देवळापुढं ऐकलंय तुम्ही."

"ऐकलंय," आबा म्हणाले आणि ढोलाचं टिपरू उचललं.

पुढच्याच आठवड्यात काकींच्या माळावर सगळं गाव उतरलं. दुपारी त्यांच्या दारात पंगत बसली. मी त्यांच्या बाजूचा, म्हणून वाढायला मी. काकींनी इतक्या भाकरी थापल्या होत्या की टोपल्या पुरेनात. त्या सगळ्यांवर ओरडत होत्या, "खा की रं, लाजताय काय पावन्यावानी!" इतक्या जोरात ओरडताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

तिथून ओढ्यापलीकडं माझा माळ समोर दिसत होता. पिवळा, बराचसा उभा. जेवणाऱ्या प्रत्येकानं तो पाहिला आणि भाकरी मोडली. मला "वाढपी, कालवण आन हिकडं" म्हणाले, त्याखेरीज काही नाही. मी एक शब्द काढला असता तर उद्याच आले असते. पण मी का काढावा? काकींना बैल नव्हते तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं?

विक्रेत्याला मी नाही म्हणून कळवलं. यंत्र वाईट नाही. ते एकट्यानं घ्यायची वस्तू नाही, गावानं मिळून घ्यावं, हे मी आजही भांडून सांगेन. पण बैल विकले असते तर पुढच्या वर्षी काकींच्या नावानं काय नेणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन माझ्या माळावर गेलो. पलीकडं काकींची नवी गंज दिसत होती, ढोल कुठंच नव्हता. सवयीनं भलरीची ओळ टाकली. ती ओढ्यापर्यंत गेली. मी विळा गवतात घातला.

पलीकडून गंजीआडून कुणीतरी ती उचलली. फाटका, भसाडा आवाज, सुराच्या बाहेर.

"म्होरली म्हन की!" काकी ओरडल्या. "का तीबी यंत्रानं म्हनायची?"

मी पुढची ओळ टाकली.