शंभरात सात-आठ

द्वारका वाशीमहून नवऱ्यामागे पुण्यात आली आणि खराडीच्या एका आयटी कंपनीत सफाईच्या कामाला लागली. पदरात दोन मुलं होती, तिसरं नको म्हणून ती गोळ्या घ्यायची. पण दर आठवड्याला शिफ्ट बदलायची आणि त्या धांदलीत एखादी गोळी राहून जायची. व्हायचं तेच झालं. दिवस गेले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "गोळी कधी फसत नाही, बाई. तुम्ही घेतलीच नसेल."

हे बद्रीनाथनं, तिच्या नवऱ्यानं, ऐकलं. घरी आल्यावर म्हणाला, "गोळ्या तर माझ्यासमोर घेत होतीस. मग हे आलं कुठून?"

द्वारका रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला महापालिकेच्या दवाखान्यात सितारा सिस्टरांपुढे नेऊन बसवलं.

"यांना सांगा, सिस्टर. यांचा डॉक्टरवर विश्वास आहे, बायकोवर नाही."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "शंभर बायकांनी वर्षभर एकही गोळी न चुकवता घेतली, तर जेमतेम एखादीला दिवस जातात. पण आपण घेतो तशी, विसरत-आठवत घेतली, तर सात-आठ जणींना. निरोध वापरूनही तेरा-चौदा. तांबी बसवली तर एखादीलाच. यात संशय कुणाचा घ्यायचा?"

बाहेर पडल्यावर बद्रीनाथ पुटपुटला, "चुकलं माझं."

"चुकलंच," द्वारका म्हणाली.

मुलगी झाली. द्वारकानं तांबी बसवून घेतली आणि ती कामावर परतली. महिला दिनाला कंपनीनं एक पाहुणे डॉक्टर बोलावले. ते म्हणाले, "गोळी सुरू केली की काळजी मिटली." मागे उभी असलेली द्वारका पुढे आली. पँट्रीतले शंभर कागदी कप तिनं टेबलावर मांडले आणि त्यातले आठ उलटे केले.

"गोळी चुकतमाकत घेणाऱ्या एवढ्या जणी फसतात, साहेब. त्यातली एक मी. आणि काहीच नाही वापरलं तर पंच्याऐंशी. खरं सांगा ना बायकांना. आमचं आम्ही ठरवू."

संध्याकाळी सुपरवायझर श्यामसुंदरनं तिला गाठलं. "तुझं काम फरशी पुसायचं. परत तोंड उघडलंस तर साइट बदलीन."

"बदला. तिथंही बायकाच असतील."

त्यानं खरंच बदलली. आता स्वारगेटला बस बदलून दीड तासाचा प्रवास होता. पहिल्याच आठवड्यात वॉशरूममध्ये गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी घुटमळत म्हणाली, "मावशी, खराडीतल्या मैत्रिणीकडून तुमच्याबद्दल ऐकलंय. दिवस मोजून टाळलं तर सेफ असतं ना?"

द्वारकानं मॉप भिंतीला टेकवला.

"शंभरात पंधरा-वीस जणी फसतात, बाळा. बस इथं. सगळं सांगते."