सोडा, जवस आणि सुमनची जट

“कात्री आणली असशीन तं घरी ठेवून ये,” गोदाआत्या उंबऱ्यात बसून म्हणाली. “या जटेले लोखंड लागलं ना वामन, तं तुह्या हाताले कोड फुटन.”

मी पेटी उघडून दाखवली. वस्तरा नाही, कात्री नाही, केस कापायचं मशीन नाही. रुंद दातांचा लाकडी कंगवा, तिळाच्या तेलाची बाटली आणि पितळी डब्यात जवसाचा बुळबुळीत रस. धंद्यात पडल्यापासून अशी पेटी घेऊन मी कुणाच्या घरी गेलो नव्हतो.

“मंग सोडवशीन कायनं?”

“हातानं.”

ती हसली. “देवीनं बांधलेलं तू हातानं सोडवणार? सोडव बाप्पा. सुटली तं माही हार. नाई सुटली तं पोट्टी पुनवेले गडावर जाईन. मंग मधात बोलाचं नाई.”

“कबूल,” मी म्हणालो. शेजारी माझी बायको यमुना उभी होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. कबूल करण्याआधी तिला विचारायचं, असं आमचं घरून ठरलं होतं.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर माझं सलून होतं. एक खुर्ची, एक बाक, एक मोठा आरसा. शेजारी किसनराव टेलरचं दुकान आणि त्याच्या मागं त्यांचं घर. आमची भिंत एकच. त्यांच्या मशीनचा आवाज थांबला की मला कळायचं, चहा आला. किसनराव गरीब स्वभावाचा माणूस, पण एका बाबतीत कडक. त्यांच्या कापड कापायच्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही. कुणी कागद कापला तर धार जाते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे.

त्यांची एकुलती मुलगी सुमन सातवीत होती. सातवीची परीक्षा पास झाली की मास्तरीण होता येतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ती ते सगळ्यांना सांगत सुटली होती. तिचे केस कुरळे. साधे लाटांसारखे नाहीत, तर स्प्रिंगसारखे, बोटाभोवती गुंडाळल्यासारखे. शाळेत पोरी तिला ‘मेंढी’ म्हणत. म्हणून किसनरावांनी एकदा दाढीला बसल्या बसल्या मला विचारलं, “वामनभाऊ, पोट्टीचे केस सरळ कसे होतीन?”

मी फेस लावता लावता सांगून टाकलं, “धुण्याचा सोडा घ्या. त्यानं धुवा. आन् रोज सकाळी कोरडेच फणीनं विंचरा. वळण मोडते.”

हे कुठून आलं, मला माहीत नाही. माझा धंदा पुरुषांच्या डोक्यांचा. केस बोटभर वाढला की मी कापतो. तो वाढवायचा कसा, सांभाळायचा कसा, हे मला कधी शिकावं लागलं नव्हतं. माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. पण खुर्चीमागं उभ्या असलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणायची सवय नसते.

झालं ते असं. सोड्यानं केसातलं सगळं तेल निघून गेलं. कुरळ्या केसाला मुळात तेल कमी पोचतं. डोक्याचं तेल सरळ केसावरून खाली उतरतं, वळणावळणाच्या केसात ते वरच अडकतं. त्यामुळं टोकं कायम तहानलेली. त्यात कोरडी फणी. केस तटातट तुटायचे, सुमन रडायची. शेवटी तिनं विंचरणंच सोडलं आणि अंबाडा घालून टाकला. मग तिला मुदतीचा ताप आला. किती तरी दिवस पोरगी उशीवर डोकं घासत पडून होती. ताप उतरला तेव्हा मागच्या बाजूचे सगळे केस एकमेकांत अडकून नारळाच्या शेंडीसारखा गोळा झाला होता.

किसनरावांची मोठी बहीण गोदाआत्या भावाच्या घरी आली ती तेव्हाच. तिच्या स्वतःच्या डोक्यावर लहानपणापासून जट. त्या जटेपायी तिचं लग्न झालं नाही. हातात परडी घेऊन ती देवीचा जोगवा मागायची, गावोगाव तिला मान होता. तिनं सुमनचं डोकं पाहिलं आणि हात जोडले. “ताप देवीनं आणला, देवीनं नेला. खूण ठेवून गेली.”

सुमनचं शाळेतलं नाव काढलं. दर मंगळवारी तिला पाटावर बसवून जटेला हळदकुंकू लावू लागले. बायाबापड्या पाया पडायला येऊ लागल्या. पुनवेला गडावर नेऊन तिच्या गळ्यात माळ घालायची, हाती परडी द्यायची, असं ठरलं.

एका मंगळवारी मी किसनरावांकडे गेलो. माझ्या आईच्या वयाची एक बाई त्या पोरीच्या पायावर डोकं ठेवत होती. सुमननं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“काका, सोडा तुमीच सांगतला होता ना?”

ती रागानं बोलली नव्हती. हिशेब नीट लागतो का, ते पाहत होती. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

यमुनेनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि डोक्यावरचा पदर काढून अंबाडा सोडला. यमुना ढाणकी गावची. तिचे केस कमरेपर्यंत, आणि मुळापासून टोकापर्यंत कुरळे.

“मह्या डोक्यावर काय गवत उगवलं हाये?” ती म्हणाली. “इतकी वर्सं संसार केला. एकदा तरी इचारलं, तू हे कशे धुते म्हून?”

“नाई.”

“आन् दुनियेले सल्ले देत सुटले, शायने.”

त्या रात्री तिनं सांगितलं आणि मी ऐकलं.

तिच्या आईची रीत साधी होती. मूठभर जवस पाण्यात उकळायचं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा रस सुटला की गरम आहे तोवरच फडक्यातून गाळून घ्यायचा. गार झाला तर गाळला जात नाही. तो रस ओल्या केसांना लावला की केस एकमेकांवरून घसरतात. जवस नसलं तर जास्वंदीची पानं चुरायची. बाकी सगळं काम बोटांचं.

किसनराव ऐकायला तयार नव्हते. “देवी कोपली तं, वामनभाऊ?”

“माह्यावर कोपू द्या. सोडा मी सांगतला.”

ते सुईत दोरा ओवत राहिले. दोरा जाईना. शेवटी म्हणाले, “आत्याले इचारा.”

आत्यानं ती उंबऱ्यातली अट घातली आणि उद्या सकाळी बसा म्हणाली. तिला खात्रीच होती. पण बातमी माझ्या आधी दुकानाच्या जागामालकाकडं पोचली. दादासाहेब रोज दाढीला यायचे. त्या दिवशी आले ते उभेच राहिले.

“वामन, दुकान कोणाचं आहे?”

“तुमचं.”

“मग देवीच्या कामात हात घालायचा नाही. घातला, तर त्या हातानं माझ्या जागेत वस्तरा चालणार नाही.”

मी खुर्ची पुसून त्यांच्यासमोर धरली. “आज दाढी करून घ्या, दादासाहेब. उद्या मले सुट्टी आहे.”

ते न बसताच गेले. दुकान जाणार, हे मला कळलं होतं. पण मला बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. सुमन पाटावर, तिच्या मागं यमुना, बाजूला मी. आधी गोळ्यात तेल मुरवलं, मग जवसाचा रस. गुंता सोडवायचा तो टोकाकडून. मुळाकडून ओढलं की वरचे सगळे गुंते खाली एका जागी जमतात आणि गाठ पक्की होते. बाहेरच्या कडेची एक बारीक बट धरायची, मुळाशी चिमटीत घट्ट पकडायची म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही, आणि टोक मोकळं करत वर सरकायचं. कंगवा सगळ्यात शेवटी.

“दुखते काय वं?” यमुना विचारायची.

“नाई, काकू.” थोड्या वेळानं, “थोडंसं.” मग, “तुमी थांबू नोका.”

आत्या उंबऱ्यातून नजर ठेवून होती. कंगव्यात केसांचा पुंजका आला तशी ती उठली. “तोडले! पाह्य किसना, तोडले!”

मी पुंजका तिच्या तळहातावर ठेवला. “आत्या, टोक पाहा. हे पांढरं बोंड दिसते? हा मुळासकट गळलेला केस आहे. तुटलेल्याले हे बोंड नसते. रोज सगळ्यांचेच थोडे केस गळतात. हिचे गळले, पण गुंत्यातून बाहेर पडू शकले नाही. तापातलेही इथंच अडकून होते.”

तिनं एकेक केस उजेडात धरून पाहिला. मग परत उंबऱ्यात जाऊन बसली.

त्या दिवशी बाजार होता. दुपारपर्यंत दारात ही गर्दी. कुणी म्हणे वामनचे हात झडणार, कुणी म्हणे चहा ठेवा. एकानं विचारलं, “काय गा वामन, दुकान बंद करून पोरीच्या वेण्या घालून राह्यला काय?”

“हो,” मी म्हणालो. “तुमचीही घालून देतो, या.”

त्याला टक्कल होतं. लोक हसले. सुमनही हसली. तापानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

ते काम दुसऱ्या दिवशीही चाललं. संध्याकाळी खांद्यावर मोकळ्या बटा लोंबत होत्या आणि मानेजवळ अंगठ्याएवढी एकच गाठ राहिली. ती सुटेना. तेल मुरेना, रस जाईना. तिच्यात कुंकू, तूप आणि अंगारा थापून थापून दगड झाला होता. मंगळवारची सगळी पूजा त्याच जागी व्हायची. माझ्या बोटांची सालं निघाली होती. यमुनेनं हात खाली ठेवले.

“तिथं बसली देवी,” आत्या हळूच म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. “बोल, वामन. कबूल म्हनला होता.”

मी म्हणालो होतो. पेटीत कात्री नव्हती, आणि असती तरी मी शब्द दिला होता. त्या क्षणी मला सोडा आठवत होता, दुसरं काहीच नाही.

सुमननं मागं हात नेऊन गाठ चाचपली. मग उठून बापासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, तुमची कात्री द्या.”

“काय बोलतं वं!” आत्या ओरडली. “अट ठरली होती!”

“अट काकाले होती, आत्या. मले कुठं इचारलं कोणी?”

किसनरावांनी माझ्याकडं पाहिलं नाही, बहिणीकडंही नाही. ते दुकानात गेले. परत आले तेव्हा हातात ती मोठी काळी कात्री होती. त्यांनी ती धोतराच्या टोकानं पुसली आणि मूठ लेकीकडं करून पुढं धरली.

“जपून,” ते म्हणाले. “धार आहे.”

सुमननं स्वतःच्या हातानं गाठ कापली. चुर्र असा आवाज झाला, बस. तिनं ती आत्याच्या हातात ठेवली. आत्यानं गाठ पदरात बांधली आणि पहिल्या गाडीनं निघून गेली.

माझं सामान दादासाहेबांनी रस्त्यावर ठेवलं. मी खुर्ची उचलून एसटी स्टँडच्या कडुनिंबाखाली मांडली आणि आरसा खिळ्याला टांगला. काही गिऱ्हाइकं सुटली. काही नवीन आली. किसनराव रोज एवढं चालत दाढीला येऊ लागले, आणि लोकांना दिसेल असे रस्त्याकडं तोंड करून बसू लागले. सुमन परत शाळेत गेली. वर्ष वाया गेलं म्हणून पुढच्या साली परीक्षेला बसली. आता ती एका खेड्यावर मास्तरीण आहे, आणि तिथल्या पोरी तिला मेंढी म्हणायची हिंमत करत नाहीत.

यमुनेकडं बाया पोरींना घेऊन येतात. ती सगळ्यांना तेच सांगते. आठवड्यातून एकदा शिकेकाईनं धुवा, रोज नको. टॉवेलानं खसाखसा पुसू नका, जुन्या सुती लुगड्यानं टिपा. ओले असतानाच बोटांनी सोडवा, कोरड्याला कंगवा लावू नका. झोपताना सैल वेणी घाला, वरून मऊ फडकं बांधा. आणि पोरीचे केस वाढत नाहीत म्हणून रडू नका, एक बट ओढून पाहा, वळणात केवढे केस लपलेत ते कळेल.

एकदा गोदाआत्याही आली. इकडंतिकडं पाहून विचारलं, “जुनी असन तं सुटते काय वं?”

यमुनेनं जट हातात घेऊन पाहिली. “नाई, आत्या. याले आता कात्रीच.”

“मंग राहू दे,” आत्या म्हणाली. चहा प्यायली आणि गेली. अधूनमधून अजून येते. यमुना जवळ कात्री ठेवत नाही, आणि लपवतही नाही.

दादासाहेबांचा निरोप मागच्या दिवाळीतही आला होता. देवीपुढं नारळ फोड, चुकलो म्हण, दुकान घे. मी चुकलो म्हणायला कधीच लाजत नाही. ज्याला ऐकायचं असेल त्यानं कडुनिंबाखाली यावं, मी कोणता सल्ला दिला आणि त्या पोरीचं काय झालं, ते मी दाढी करता करता पुरं सांगेन. पण ते नारळ मागतात तो जट सोडवली त्या दोन दिवसांसाठी, आणि तो नारळ मी फोडणार नाही. पाऊस आला की खुर्ची भिजते, तेवढं सोडलं तर जागा चांगली आहे.

सोडा कपड्यांसाठी असतो. हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. विचारलं नाही तरी.