सगळ्या माद्याच

घरात तिला जंतूताई म्हणत. नाव धाकट्या बहिणीने ठेवलं आणि आईनेही रागावता रागावता तेच उचललं. माशांच्या आतड्यातले गोल जंत सुईने सोडवायचे, काचेवर ठेवायचे आणि त्यांची जात ओळखायची, हे तिचं काम. प्रबंधातले बाकीचे जंत ओळखून झाले होते. घोडं अडलं होतं एकापाशीच. ही जात आजवर कुणी नोंदवली नसावी अशी तिला दाट शंका होती. पण जात ठरते नराच्या शेपटीवरून, तिथल्या दोन बारीक काट्यांच्या लांबीवरून. आणि हाती लागत होत्या त्या सगळ्या माद्याच.

"नर मिळाला का गं?" आई रोज फोनवर विचारी.

"नाही."

"आम्हालाही नाही मिळत तुझ्यासाठी!"

पहिल्यांदा ती हसली होती. हल्ली नुसताच फोन ठेवी.

सर म्हणाले, "प्रबंध या महिन्यात जायलाच हवा. नर नाही तर नाव नाही. 'जात अनिश्चित' लिही आणि मोकळी हो."

मोकळी हो! बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून जाते, ते काय 'अनिश्चित' लिहिण्यासाठी सोसलं? बर्फातल्या माशातले जंत मेलेले असतात, म्हणून ती पुन्हा भल्या सकाळी होड्यांवर जाऊन ताजे मासे आणू लागली. मासेवाल्याला वाटे, घरात मोठं खटलं असणार.

आणि एका दुपारी तो सापडला. माद्यांच्या निम्मा, शेपूट आकड्यासारखी, चांगला वळवळणारा. जिवंत जंत कढत स्पिरिटमध्ये सोडला की सरळ ताठ होऊन मरतो. थंडात सोडला की त्याचं वेटोळं होतं. तिने तापवलेलं स्पिरिट बशीत ओतलं, तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलीस का?"

"आई, नर मिळाला!"

"अगंबाई! कसा आहे दिसायला?"

आणि ती वेडी आनंदाने वर्णन करत बसली. मग घाईघाईने त्याला बशीत सोडलं. स्पिरिट केव्हाच निवलं होतं. बघता बघता नराची घड्याळातली स्प्रिंग झाली, शेपूट पार मधोमध.

ग्लिसरीनमध्ये मऊ करून तिने तो सुईने उलगडायला घेतला. शेवटच्या वेढ्याला शेपूट मोडली.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "काटे अर्धेच राहिलेत."

"अंदाजाने लांबी—"

"अंदाजाने भाजीत मीठ घालतात, बाई. जात ठरवत नाहीत."

तिने दात-ओठ खात 'जात अनिश्चित' टाइप केलं. पुन्हा फोन.

"काय म्हणतो तुझा नर?"

'तुझ्यामुळे गेला' हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "वाकडा निघाला."

"सगळे सारखेच मेले!"

"आई, यापुढे दुपारी फोन करू नकोस."

"का गं? जेवायची नाहीस?"

"स्पिरिट गार होतं."

स्पिरिटचं आईला काही कळलं नाही. आवाज मात्र कळला.