रुक्माबाईची गरम गोळी

माघातली पहाट. धुकं इतकं दाट की गोठ्यातून समोरची बाभूळ दिसत नव्हती. फुलसावंगीच्या अलीकडच्या बंजारा तांड्यात रुक्माबाई गाय पिळायला बसली होती. अंगात स्वेटर, वरून नवऱ्याचा जुना कोट, त्यावर घोंगडं, तरी दात वाजत होते. शेजारच्या बाया नुसत्या शालीवर शेण काढत होत्या. हिची बोटं मात्र सुजून जड झालेली. थोडं पिळलं की हात मांडीवर ठेवून दम खावा लागे. मग गाय मान वळवून बघायची, बाई झोपली की काय.

"गायीलेही समजलं," चुलीपाशी शेकत बसलेला तिचा नवरा धरमसिंग म्हणाला, "का मालकिनीची बॅटरी उतरली."

रुक्माबाईनं पुन्हा आचळांना हात घातला. राग नव्हता, पण बोलायला गळा कुठे होता? फुटक्या मडक्यात वारा शिरावा तसा घोगरा आवाज निघे. थंडी, सूज, गळणारे केस हे सगळं तिनं सोसलं असतं. आवाजाचं दुःख मात्र वेगळं होतं.

तांड्यात लग्न निघालं की नवरीला रुक्माबाईकडे ढावलो शिकायला पाठवत. माहेर सोडताना नवरी एकेकीच्या गळ्यात पडून जे गाणं रडत रडत म्हणते, तो ढावलो. तो कागदावरून शिकता येत नाही. जाणती बाई पोरीला मिठीत घेते, आपल्या छातीतला सूर तिच्या छातीत उतरवते, तेव्हा तो येतो. कितीतरी पोरी रुक्माबाईच्या मिठीतून सासरी गेल्या. आता वैशाखात तिच्या पोटच्या बबिताचं लग्न होतं आणि शिकवणारीचाच गळा बसला होता. फोनवर ढावलो ऐकायला भेटते, असं बबिता म्हणाली, तेव्हा रुक्माबाई घोगऱ्या आवाजात एवढंच बोलली, "फोनच्या गळ्यात कशी पडशील वं?"

दुखणं वर्षाआधी सापडलं होतं. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद पडली आहे, तिचा रस कमी पडतो, तो आता गोळीतून घ्यायचा. रोज सकाळी उपाशीपोटी. गोळी पन्नासची, तुरीच्या डाळीएवढीही नव्हती. पण इंग्रजी गोळी म्हणजे गरम, हे तांड्यात लहान पोरालाही ठाऊक. गरम दवाई दुधासोबत घ्यावी, म्हणजे पोट जळत नाही. रुक्माबाई गोळीआधी अन्नाचा कण तोंडात घालत नसे. दूध काही जेवण नव्हे, दूध तर उपासालाही चालतं. गाय पिळून झाली की पेलाभर धारोष्ण दूध आणि गोळी, हा तिचा नेम.

फरक पडेना. डॉक्टरीणबाईंनी गोळी पंचाहत्तरची केली. गोळी मोठी म्हणजे गरमी मोठी, म्हणून रुक्माबाईनं पेल्याचा गडवा केला. पुढे गोळी शंभरची झाली, तर गडव्याचा तांब्या. चहाला दूध उरेना, आणि धरमसिंग काळा चहा पिऊन बायको बरी होण्याची वाट बघू लागला.

त्या माघातल्या दिवशी पुन्हा रिपोर्ट घेऊन ती दवाखान्यात बसली. डॉक्टरीणबाई कागदाकडे बघून कोड्यात पडल्या. गोळी अजून वाढवावी लागेल असं दिसतं, म्हणाल्या.

"वाढवा ना बाई, मी कुठं नाही म्हनून राह्यली?" रुक्माबाई म्हणाली. "पण जरा दमानं वाढवा. आमची गाय गाभण हाय, आटत आली. आता गोळी मोठी केली तं मी दूध कुठून आणू?"

लिहिता लिहिता पेन थांबलं. गायीचा नि गोळीचा काय संबंध, असं बाईंनी विचारलं. रुक्माबाईनं लहान पोराला समजवावं तसं पेला, गडवा, तांब्या सगळं समजवलं. बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या हसल्या. हसता हसता ओशाळल्याही, कारण काय खाता हे त्यांनी दर वेळी विचारलं होतं, गोळी कशासोबत घेता हे एकदाही नाही.

"रुक्माबाई, दुधातलं कॅल्शियम गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. मी गोळी वाढवते, तुम्ही दूध वाढवता. कसा फरक पडेल?"

गोळी शंभरचीच राहिली. साध्या पाण्यासोबत घ्यायची, मग तासभर काही नाही, आणि दूध संध्याकाळी. आता ती सगळी लागू होईल, तेव्हा कदाचित जास्तही होईल, दीड महिन्यानं रक्त तपासू, असं बाईंनी बजावलं. मधेच छाती धडधडली, हात कापले तर लगेच यायचं.

पोटात भडका उडेल, असं धरमसिंगचं भाकीत होतं. पहिले काही दिवस रुक्माबाई गोळी घेऊन पोटावर हात ठेवून बसे. काही झालं नाही. हळूहळू आधी घोंगडं उतरलं, मग कोट. फागुन लागला तशी चेहऱ्याची सूज ओसरली. एका दुपारी बकरी तुरीच्या गंजीत शिरली म्हणून ती ओरडली, तर आवाज खणखणीत निघाला. बकरी दचकली, आणि तीही.

त्या दिवसापासून सांजच्याला मायलेकी ओट्यावर गळ्यात गळा घालून बसू लागल्या. बबिताचा सूर डळमळे, आई तो उचलून धरी.

पण त्याच सुमारास रुक्माबाईची झोप उडाली. घाम येई, सुईत दोरा जाईना. त्याचं कारण तिला समजत होतं, तरी तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गोळी कमी होईल, आणि गोळी कमी झाली की आवाज जाईल. वैशाखापर्यंत कसंतरी ओढायचं, मग बघू.

मिठीत मात्र काही लपत नाही. एका संध्याकाळी बबिता गाता गाता थांबली, आईला म्हणाली,

"याडी, तुहं काळीज काहून असं धावून राह्यलं?"

"गाण्यानं."

"मी बी तं गाऊन राह्यली. माहं नाही धावत."

रुक्माबाईनं हात सोडवायला बघितलं. पोरीनं सोडला नाही.

"तुले काही झालं तं मी ढावलो कोनाच्या गळ्यात पडून गाऊ? फोनच्या?"

मी म्हटलंच होतं गरम पडते, म्हणत धरमसिंग दुधाचा पेला भरून घेऊन आला. गाय आटली म्हणून शेजारून मागून आणलं होतं. रुक्माबाईचा हात पेल्याकडे गेलाही. मग, दुखणं दुधानं दाबायचं नाही, बाईंनाच सांगायचं, असं ठरवून तिनं पेला त्याच्याच हातात परत दिला. "तुमीच पेवा. लय दिवस काळा चहा पेले."

दुसऱ्या सकाळी मायलेकी दवाखान्यात गेल्या. रक्त तपासलं, गोळी जास्त झाली होती. बाईंनी ती पंचाहत्तरवर आणली. आवाजाचं विचारताना रुक्माबाईचे डोळे भरले. बाईंनी सांगितलं, की रस कमी होता म्हणून गळा बसला होता. जास्त झाला म्हणून काही तो जास्त गोड होत नाही. हे तिला चटकन पटलं. ढावलो फार वरच्या सुरात धरला तर पोरीचा आवाज अर्ध्यातच तुटतो, हे तिनंच किती नवरींना सांगितलं होतं.

तरी चैतभर ती रोज उठून आधी आवाज काढून बघे, असला की मग पाणी आणि गोळी घेई. धडधड थांबली, सुईत दोरा जाऊ लागला, आवाज जागेवर राहिला. चैताच्या शेवटी रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या की हीच गोळी चालू ठेवायची, आणि मधेमधे रक्त तपासत राहायचं. बबिताचा ढावलो तोवर शेवटपर्यंत येऊ लागला होता. फक्त मधल्या एका वळणावर तिला खरंच रडू फुटायचं, आणि तिथे रुक्माबाईलाही पुढचं शिकवता येत नसे.

गाय व्याली. चीक सरून साधं दूध येऊ लागलं, त्या दिवशी पहाटेच उकडत होतं. रुक्माबाईनं माठातलं पाणी घेऊन गोळी गिळली, वासराला आधी पिऊ दिलं, मग त्याला बाजूला बांधून गुडघ्यात चरवी धरली. हात न थांबता चालू लागले. चुलीपाशी धरमसिंग चहाचं आधण ठेवून दुधाची वाट बघत होता.