सशांच्या पिंजऱ्यातली कोंबडी

भिसेगावातले ते सुतार कुठल्याही प्रश्नाला आधी "बगू" म्हणायचे आणि मग बराच वेळ काहीच म्हणायचे नाहीत. माझ्या मुलीसाठी दोन पांढरे ससे आणले, तेव्हा पिंजरा करून घ्यायला मी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी टेप काढलीच नाही. घरी येऊन सशाचं डोकं मुठीत धरून पाहिलं. मग मी आणलेल्या जाळीच्या भोकात करंगळी घातली. ती आत गेली, म्हणून जाळी परत करायला लावली.

"ससा भायेर जाईल याची काळजी नाय, बाई," ते म्हणाले. "आत कोण येईल ते बगायचं."

आठवड्यात पिंजरा तयार झाला, तरी ते देईनात. रोज विचारलं की "उद्या बगू." ससे आमच्या न्हाणीघरात आणि आम्ही आंघोळीला शेजारी. पाचव्या दिवशी सकाळी चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून मी त्यांच्या घरी गेले.

पिंजरा परसात, कुंपणाशी उघड्यावर ठेवला होता. आत त्यांची तांबडी कोंबडी बसली होती. भोवतालची माती उकरलेली होती आणि दाराच्या फळीवर नखांचे ओरखडे होते.

"चार राती रानमांजर येतंय," एकेका सांध्यावर अंगठा दाबत ते म्हणाले. "पयल्या दिशी ही पिसं फुलवून उभीच व्हती. आज आतमदी अंडं घातलंन. न्या आता."

त्या दुपारी मी आमच्या न्हाणीघरात दोन बादल्या पाणी घेऊन आंघोळ केली.