शेंदराखालचं नाव

शेंदराचा पोपडा सुटला आणि खाली माझ्या बापाचं नाव निघालं. मी चौथी शिकलेली, मला वाचता येत होतं. मागे धानाच्या रोवणीच्या बाया चिखलाच्या पायांनी उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बुढे, मांगच्या साली पानी नाही आला तं याच देवाले शिव्या देऊन राहिली होतीस ना? तो तं तुहा बाप निघाला."

बाकीच्या हसल्या. मला कुठे बघावं कळेना.

पोपडा काढणारी मुलगी कॉलेजात इतिहास शिकत होती. लढाईत मेलेल्या शिपायांचे दुर्लक्षित दगड शोधायचं काम कॉलेजाने तिला दिलं होतं. कुडव्याला मावशीकडे राहून ती रोज स्कूटीने आमच्या दवनीवाड्याकडे येई. माझा बाप इंग्रजांच्या फौजेत होता, ब्रह्मदेशाकडे मेला, प्रेत आलं नाही. आज्याने शेतात त्याच्या नावाचा दगड बसवला होता. मी लहान असतानाच नाल्याच्या पुरात तो दगड वाहून गेला. मुलीला मी तेच सांगितलं. वर हेही सांगितलं की आमच्या घरी बापाला कोणी विसरलं नाही.

मग ती बांधावरच्या देवाजवळ थांबली. हा देव त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला, आमच्या शेतात, माझ्या नवऱ्याच्या नांगराला लागला होता. आमच्याकडे नांगराला असा उभट दगड लागला की तो फेकत नाहीत, बांधावर उभा करून शेंदूर लावतात. आम्ही दगडाच्या अंगावरच्या मातीसकटच शेंदूर लावला. पहिलं बोट माझं. तेव्हापासून दर रोवणीला शेंदूर लावल्याशिवाय बाया बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, उतरत नसत. पीक आलं की कोंबडा, नाही आलं की माझ्या शिव्या.

मुलीने विचारलं, तळाशी कोरलेलं दिसतंय, थोडं काढून बघू का? मी म्हटलं, बघ, दगडच आहे. तिने घासलेटचा बोळा आणि बांबूची काडी घेतली.

नाव दिसल्यावर तिला सगळाच दगड साफ करायचा होता. बायांनी नाही म्हटलं. एकीने सुनेसाठी नवस बोलला होता. देव उघडा ठेवून आम्ही चिखलात पाय घालणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. उपटलेल्या परह्याच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या उन्हात पडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत परहा लागला नसता तर वाळला असता.

"आजी, वडील तुमचे आहेत," मुलगी म्हणाली. "तुम्ही सांगा."

मी जुड्यांकडे पाहिलं. विचार करायला वेळही घेतला नाही.

"फोटो काढ," मी म्हटलं, "आन् हो बाजूले."

तिने फोटो काढला. वाटीत तेल आणि शेंदूर कालवलेला तयारच होता. नावावर लावू नका, एवढं मी बायांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, नाव सोडून वरच्या भागाला लावला आणि बांधीत उतरल्या. मुलगी स्कूटी ढकलत पांदणीच्या वाटेने निघाली.

पुढच्या रोवणीला नेहमीसारखं मीच पहिलं बोट लावलं. तेल ओघळून अक्षरांत गेलं. मी ते पुसलं नाही. त्याच्या पुढच्या साली नाव दिसत नव्हतं.

त्या शिपायाला एकच लेकरू होतं. ते मी.